ताटातील पाण्याचा जमाखर्च

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, कर, कायदे आणि बदलता व्यापार यांविषयी जाणकारांचे लेख येत असतात. या वर्षी संपादक बंधूंनी आम्हांसही चार ओळी लिहावयास सांगितले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढील चाळीसहून अधिक वर्षे बेळगावच्या बाजारात धान्याच्या गादीवर गेलेली. व्यापाराविषयी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगावरून आम्ही जे शिकलो, तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय साधा आहे : पाणी. त्यातही पेल्याने जे पितो ते नव्हे, तर ताटातून जे खातो ते पाणी.

धान्याच्या व्यापाऱ्याचे पाण्याशी वैरच असते. पोत्यातून मूठभर गहू काढावा, दोन दाणे दाताखाली धरावेत. कट्‌ असा आवाज होऊन फुटले तर माल कोरडा, दबले तर ओला, हे आम्ही वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. आता ओलावा मोजण्याची यंत्रे आली आहेत. परंतु नियम तोच आहे. शंभर किलो गव्हात पाणी बारा किलोंच्या आत असावे. त्याहून अधिक असेल तर माल पोत्यात तापतो, त्यास बुरशी धरते, कीड लागते. आयुष्यभर धान्यातील पाणी हाकलण्यात गेल्याने ‘कोरडे ते चांगले’ हे वाक्य आमच्या मनावर ठसले होते. धान्यास जो गुण, तो माणसास दोष होय, हे कळावयास आम्हांस साठावे वर्ष उजाडावे लागले.

तो प्रसंग २०१९ सालच्या एप्रिलमधील. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते. सूर्यास्तानंतर चतुर्विध आहाराचा त्याग, म्हणजे अन्न नाही व पाणीही नाही, हा नियम त्यांनी तरुणपणीच घेतला होता व पन्नासहून अधिक वर्षे तो अखंड पाळला होता. त्या महिन्यात उन्हाळा कडक होता. एके दिवशी दुपारी त्या उठताना तोल जाऊन भिंतीस टेकल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्या बंधूंस त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. वार कोणता, जेवण झाले की नाही, याचाही त्यांना उलगडा होईना. आम्ही समजलो की वार्धक्याने बुद्धीस भ्रम झाला, आता असेच चालावयाचे. घरातील सर्वांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी मात्र प्रथम जीभ पाहिली. ती वाळलेल्या कातड्यासारखी झाली होती. रक्त तपासले, सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मातोश्रींनी आम्हांस नावाने हाक मारून विचारले, “दुकान लवकर बंद केलंस होय रे?” भ्रम वार्धक्याचा नव्हताच, तो पाण्याच्या तुटीचा होता.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला नियमाचा. नात्यातील मंडळी म्हणू लागली की या वयात रात्रीचे पाणी सुरू करावे, प्रायश्चित्त घ्यावे, त्यात काय एवढे! मातोश्रींनी एकच उत्तर दिले : “नियम मोडून जगायचं, तर मग नियम घेतला कशाला?” आम्ही मोठ्या पेचात पडलो. डॉक्टर आपल्या समाजाचे नव्हते, परंतु समंजस होते. ते म्हणाले, “काका, आजींची रात्र कोरडी असते हे मला समजलं. त्यांचा दिवस कसा जातो तेवढं मला लिहून आणून द्या.”

आमच्या सूनबाईंनी एका दिवसाची टिपणी केली. सकाळी अर्धा कप चहा. बाराच्या सुमारास अर्धी भाकरी व शेंगदाण्याची चटणी. दात नसल्याने भाजी बहुधा टाकलेली. दुपारी पुन्हा अर्धा कप चहा. साडेपाचला चार घास भात. साऱ्या दिवसात पाणी तीन लहान फुलपात्रे. गुडघे दुखत असल्याने मोरीपर्यंत वारंवार जावे लागू नये, म्हणून मातोश्री मुद्दामच पाणी कमी पीत होत्या, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले. आम्ही व्यापारी मंडळी रोज संध्याकाळी पै-पैची नोंद करतो, परंतु घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या पाण्याची नोंद आमच्यापैकी कोणीही ठेविली नव्हती.

आता हा जमाखर्च आपण नीट मांडून पाहू.

प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी सुमारे साठ टक्के पाणीच असते. वार्धक्यात हे प्रमाण पन्नास-पंचावन्न टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे वृद्धांची शिल्लक मुळातच कमी. निरोगी माणसाचा रोजचा खर्च असा : लघवीवाटे सुमारे दीड लिटर, श्वास व त्वचेवाटे नकळत जाणारे पाऊण लिटर किंवा थोडे अधिक, मलावाटे एकशे ते दोनशे मिलिलिटर. घाम येतो तो याहून वेगळा. जमेच्या बाजूस तीन रकमा आहेत. पहिली, आपण पितो ते पाणी, चहा, दूध, ताक. दुसरी, अन्नातील पाणी. तिसरी, अन्न शरीरात जळते तेव्हा आपोआप तयार होणारे पाणी. हे रोज पाव लिटरच्या आसपास असते. युरोपातील आहारतज्ज्ञांच्या समितीने २०१० साली असे ठरविले की, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या प्रौढ पुरुषास पेय व अन्न मिळून रोज अडीच लिटर आणि स्त्रीस दोन लिटर पाणी मिळावे, आणि त्यातील वीस ते तीस टक्के साधारणतः अन्नातून येते. आपल्या उन्हाळ्यात ही गरज अर्थातच वाढते. मातोश्रींच्या टिपणीवरून जमेची बेरीज केली तर ती सवा लिटरच्याही आत आली. असे खाते किती दिवस चालावे?

कोणी विचारील की, तहान लागली म्हणजे माणूस पाणी पितोच ना? येथेच गफलत होते. १९८४ साली इंग्लंडमध्ये सात वृद्ध व सात तरुण निरोगी पुरुषांस चोवीस तास पाण्यावाचून ठेवून एक प्रयोग करण्यात आला. वृद्धांचे रक्त तरुणांपेक्षा अधिक दाट झाले होते. तरीही त्यांस तहान कमी लागली आणि पाणी पुढे ठेविल्यावर ते प्यालेही कमी. वय वाढले की तहानेची घंटा मंद होते. शिवाय मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही उतरते. यास्तव ‘तहान नाही’ म्हणजे ‘गरज नाही’ असा हिशेब साठीनंतर धरू नये.

आता ताटाकडे वळू. हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे एका लहानशा प्रयोगशाळेच्या रूपाने तिचा आरंभ झाला व १९५८ साली ती हैदराबादेस आली. या संस्थेने २०१७ साली भारतातील ५२८ खाद्यपदार्थांची पृथक्करण-कोष्टके प्रसिद्ध केली. अशा कोष्टकांत प्रत्येक पदार्थातील पाण्याचा आकडा आरंभीच दिलेला असतो. आपल्या नित्याच्या पदार्थांपुरते शंभर ग्रॅममागे पाणी स्थूलमानाने असे धरावे :

काकडी, दुधी भोपळा, कोहळा : ९५ ग्रॅम किंवा थोडे अधिक
पडवळ, दोडका, टोमॅटो : ९४ ग्रॅम
कलिंगड, खरबूज : ९० ते ९२ ग्रॅम
पपई, संत्रे, मोसंबी : ८७ ते ८९ ग्रॅम
आंबा, द्राक्षे, पेरू : ८० ते ८३ ग्रॅम
केळे : ७५ ग्रॅम
शिजलेला भात : ७० ग्रॅम
बाजारातील कोरडे धान्य : १० ते १२ ग्रॅम
शेंगदाणे : ५ ते ७ ग्रॅम

पोळी-भाकरीत पाणी निम्म्याहून कमी, आणि गादीवर येणाऱ्या चिवडा-फरसाणात ते नावापुरतेच. हा तक्ता वाचून आम्ही थक्क झालो. ज्या दुधी भोपळ्यास आम्ही लहानपणी नाक मुरडीत होतो, तो दुधापेक्षाही पाणीदार निघाला; कारण दुधात पाणी सत्त्याऐंशी टक्के असते. काकडी, दुधी, पडवळ, दोडका, कोहळा, कलिंगड, खरबूज ही सारी एकाच कुळातील वेलांची फळे. मुळाही पाणीदार असतो, परंतु तो कंद आहे. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांचे त्यावाचून काहीएक अडत नाही. वेलांचे एवढे मोठे कुळ आपल्यासाठी उभे आहे, आणि बेळगावच्या भोवतालच्या खेड्यांतून ते रोज बाजारात येते, गोव्यासही जाते.

या पाण्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. फळभाजीतील पाणी सूक्ष्म पेशींत साठविलेले असते. ते चावावे लागते, पचावे लागते, म्हणून ते सावकाश सुटते व सावकाश रक्तात उतरते. त्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षार व थोडी साखरही येते. याउलट आपल्यापैकी कित्येकांची रीत अशी की, दिवसभर गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाण्याचे भान नसते आणि मावळतीस दहा मिनिटे उरली असता तांब्याभर पाणी घटाघटा प्यावयाचे. असे एकदम प्यालेले पाणी शरीर फार वेळ राखीत नाही. त्यातील बराचसा भाग पुढील दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातो. झोप मोडते ती वेगळीच. घाऊक माल एकदम उतरविला आणि वखारीस दार नसले तर जे होते तेच हे.

साखर व मीठ यांचे पाण्याशी असलेले नातेही लक्षात घेण्यासारखे आहे. आतड्यात ग्लुकोज व मीठ एकत्र असले म्हणजे ती दोन्ही रक्तात शोषली जातात व त्यांच्यामागून पाणी जाते. या तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांस वाचविले. कैरीच्या पन्ह्यात चिमूटभर मीठ घालण्याची आपल्या घरांतील रीत या तत्त्वाशी जुळणारीच आहे. मात्र जुलाब-वांत्या होत असतील तेव्हा फळांवर विसंबू नये. तेथे औषधी क्षारांचे पाणीच द्यावे व डॉक्टरांस गाठावे.

आता मातोश्रींच्या दिवसाची मांडणी कशी बदलली ते सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास व सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. दोन्हीकडील दोन-दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटे सोडली, तर बारा तासांहून अधिक काळ कोरडा जातो. उरलेल्या साडेअकरा तासांतच सर्व जमा व्हावयाची. सूनबाईंनी ठरविले ते असे. सकाळी सातला पिकलेल्या पपईच्या मऊ फोडी, दीडशे ग्रॅम. दहाला किसलेली काकडी, दीडशे ग्रॅम. दातांची अडचण किसणीने दूर केली. दुपारच्या जेवणात दुधी किंवा पडवळाची मऊ भाजी दीडशे ग्रॅम व मुगाच्या डाळीचे पातळ वरण एक वाटी. तीनला कलिंगड दोनशे ग्रॅम. साडेपाचला तांदळाची पातळ पेज एक मोठी वाटी. यातून जवळजवळ नऊशे मिलिलिटर पाणी केवळ खाण्यातून मिळू लागले. पिण्याचे गाळून उकळलेले पाणी लहान पेल्याने दर तासास, आणि शेवटचा पेला नियमाच्या वेळेआधी अर्धा तास. मोरीपर्यंतच्या भिंतीस आम्ही लाकडी कठडा बसवून घेतला; त्याचा खर्च सलाईनच्या एका दिवसाहूनही कमी आला.

पंधरा दिवसांत मातोश्रींच्या चेहऱ्यावर तजेला दिसू लागला. उठताना येणारी घेरी थांबली. त्या म्हणत, “पाणी प्यायचा कंटाळा येतो रे, पण फोड खायचा कंटाळा कुणाला येतो?” पुढे चार वर्षे त्या नियमासह जगल्या. २०२३ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. नियम अखेरपर्यंत अभंग राहिला, आणि आम्हां सर्वांची नावेही अखेरपर्यंत त्यांच्या ओठी राहिली.

अष्टमी-चतुर्दशीस व पर्वकाळी ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, तेथे ही व्यवस्था कशी चालावी, असा प्रश्न भगिनी विचारतील. त्या दिवशी पेज, मुगाचे कढण, दूध, ताक आणि सैलसर शिजविलेला भात यांनी बरीचशी तूट भरून निघते. पेजेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कोणते फळ चालावे व कोणते चालू नये याविषयी परंपरा भिन्न आहेत. त्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांस विचारून करावा. आमचे म्हणणे एवढेच की, उपवासाच्या आदल्या दिवशी व पारण्याच्या दिवशी तरी ताट कोरडे नसावे.

स्वयंपाकघरातील दोन गोष्टी येथे नमूद करतो. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावले की पाणी सुटते. पुष्कळ घरांत ते पिळून मोरीत ओततात. ते पाणी थालीपिठाच्या पिठात घालावे. गोव्याकडील भगिनी मोठ्या काकडीच्या किसाची तवसळी करितात, तीत हे सारे पाणी सत्कारणी लागते. तसेच दुधी, दोडका यांची भाजी झाकण ठेवून मंद आचेवर तिच्याच अंगच्या पाण्यात शिजवावी.

काही सावधगिरीही सांगितली पाहिजे. दुधी चिरल्यावर त्याचा लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास तो सबंध टाकून द्यावा. कडू दुधीचा रस विषारी असतो व त्याने जीवही गेल्याची उदाहरणे आहेत. कडू काकडीही खाऊ नये. कलिंगड कापण्यापूर्वी वरून धुवावे, कारण सालीवरील घाण सुरीबरोबर आत जाते. रस्त्यावर उघड्या ठेविलेल्या फोडी घेऊ नयेत. मधुमेही बंधूंनी फळे बेताने घ्यावीत व काकडी, दुधी, पडवळ यांवर भर द्यावा. ज्यांस मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, अथवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी पाणी किती व कोणते फळ किती, हे डॉक्टरांस विचारल्यावाचून ठरवू नये; त्यांस शहाळ्याचे पाणीसुद्धा अपाय करू शकते. आणि फळे ही पाण्याच्या जोडीस आहेत, पाण्याऐवजी नव्हेत, हेही विसरू नये.

शेवटी आपल्या गाद्यांविषयी थोडे. आम्ही स्वतः तरी मातोश्रींहून शहाणे कोठे होतो? सकाळी नऊपासून गादीवर बसावयाचे, चार वेळा अर्धा-अर्धा कप चहा आणि जोडीला चिवडा. पाण्याचा पेला दिवाणजींनी आणून ठेविला तर तो संध्याकाळपर्यंत तसाच. चहातही पाणी असते व ते जमेस धरावे, परंतु असल्या चार अर्ध्या कपांनी दोन पेलेही भरत नाहीत. आपल्या व्यवसायबंधूंत मुतखड्याची तक्रार किती आहे हे आपण एकमेकांस विचारून पाहावे. लघवी कमी व दाट होणे हे खडे होण्याचे एक मोठे कारण आहे. लघवीचा रंग फिक्या गवतासारखा असेल तर खाते ठीक आहे. तो गडद पिवळा झाला की तूट आली असे समजावे.

२०१९ सालापासून आमच्या दुकानी फाल्गुन ते ज्येष्ठ सकाळी अकराला व दुपारी चारला काकडीच्या फोडींचे ताट फिरते. ते गादीवर येते तसेच वखारीत हमाल मंडळींकडेही जाते; किंबहुना प्रथम तिकडेच जाते. उन्हात पोती वाहणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि त्याच्या श्रमावर आपली वखार उभी आहे. दुपारी चक्कर येऊन बसण्याचे प्रकार आमच्याकडे पूर्वी दर उन्हाळ्यात होत. अलीकडे ते क्वचितच होतात. रोजचा खर्च म्हणाल तर दोन-तीन किलो काकडी!

संघाच्या सभासद बंधूंनी व भगिनींनी आज घरी गेल्यावर एवढे एकच करावे. घरातील सर्वांत वयस्कर माणसाने काल दिवसभरात काय खाल्ले व काय प्यायले, ते एका कागदावर लिहून काढावे आणि जमेच्या बाजूची बेरीज करावी. बेरीज कमी आली तर ताट बदलावे. आम्ही ही नोंद एक महिना उशिरा केली. आपण ती आजच करावी, एवढ्याचसाठी हा लेख.

जय जिनेंद्र.